अकोला यायच्या आधी

गौरांग : इथं कट मारू नकोस. तिचा हात पिशवीत गेलाय, मोबाइल सापडत नाहीये. आपल्याला माहीत आहे की मोबाइल पोरीच्या पर्समध्ये आहे, बंद करून ठेवलेला. आता चार सेकंद काहीच नको. नुसतं शोधू दे तिला.

नीलम : चार सेकंद लय होतात. लोक पडदा सोडून घड्याळाकडं पाहतात. दोन ठेवते.

गौरांग : मग सस्पेन्स कशाला म्हणायचं? तिचा पोरगा सकाळीच अपघातात गेला, हे बघणाऱ्याला माहीत आहे. शेजारी बसलेल्या पोरीला माहीत आहे. तिला एकटीला माहीत नाही. ती जितकी निवांत बसेल तितका आपला जीव वरखाली होतो.

नीलम : मले नको शिकवू. आवाज कमी कर आधी. आई आत झोपली आहे.

गौरांग : काकू? इथं अमरावतीत? आणि हे तू मला आता सांगतेस?

नीलम : सकाळच्या गाडीनं आली अंजनगावहून. डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर होता. मोतीबिंदू पिकला म्हणे. थेंब टाकून तपासलं, तर आता तीन-चार तास तिले सगळं धुरकट दिसते. जवळचं तर काहीच नाही.

गौरांग : म्हणजे स्क्रीन दिसणार नाही.

नीलम : म्हणूनच तुले ये म्हटलं. नाहीतर तिच्यासमोर कशी लावली असती हे?

गौरांग : नीलम, सहा वाजेपर्यंत अकोल्याच्या स्पर्धेला पाठवायची आहे. निवड झाली तर तिथल्या हॉलमध्ये चारशे लोक बघणार. तुझ्या मामाचं घर तिथून दहा मिनिटांवर. काकूंना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?

नीलम : सांगीन न. एकदा पाठवू दे, मग सांगीन.

गौरांग : सहा वर्षांपूर्वी पण तू असंच...

नीलम : गौरांग.

गौरांग : सॉरी. चल, स्टँडचा सीन लाव. तिथला आवाज मला अजून पटत नाहीये. खाली एक जाड सूर सोडू या, अगदी हळू. कानाला कळणार नाही, पण पोटात कळेल.

नीलम : काही नको. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, पत्रा थरथरून राहिला. तेवढं पुरे. लग्नाच्या व्हिडिओत रोज सूर टाकून टाकून वीट आला मले. इथं नको.

गौरांग : बरं बाई. लाव.

नीलम : हे घे. कंडक्टर म्हणते, पंधरा मिनिटं थांबणार. पोरगी म्हणते, आई, उतरू नको. मग आईचं काम करणारी शकुनताई म्हणते...

सुंदराबाई : अकोटचा स्टँड आहे न हा?

नीलम : आई! उठली कायले तू? भिंत धर, भिंत धर. खाली वायर आहे.

सुंदराबाई : भितीले धरूनच आली. मी इचारून राहिली, अकोटचा स्टँड आहे न?

नीलम : नाही वं. लग्नाचा व्हिडिओ आहे, परतवाड्याच्या पार्टीचा. वऱ्हाड बसनं गेलं होतं, त्याचा आवाज.

सुंदराबाई : हाव का? मंग लग्नात 'तेल्हाऱ्यावाले पलीकडच्या गाडीत बसा, कचोरी गरम' असं कोन म्हनते?

नीलम : ते मागून आलं असंन रेकॉर्डिंगमध्ये.

सुंदराबाई : नीलम, तुया आवाज बारीक झाला.

नीलम : नाही तर.

सुंदराबाई : झाला. त्या दिवशी झाला होता तसाच. 'काही नाही आई, पायाले लागलं त्याच्या, पिलास्टर घातलं,' असं म्हनत होती तू, अशाच आवाजात. तवा मले समजलं नाही. आज डोयानं दिसत नाही, तं कानानं बरोबर समजून राहिलं.

गौरांग : काकू, बसा ना. ही खुर्ची घ्या. मी गौरांग. राजापेठच्या कमलाकांत वकिलांचा. ओळखलंत ना?

सुंदराबाई : ओयखलं बावा. मागच्या बारीले माया हातची भाकर खाल्ली होती अन् ठेच्यानं रडला होता. तू सांग. तुले खोटं बोलताच येत नाही, तुया आवाजातच समजते. काय करून राहिले तुमी दोघं?

गौरांग : नीलम, काय करू?

नीलम : सांग. आता काय राहिलं लपवाले.

गौरांग : एक छोटी फिल्म आहे, काकू. बारा मिनिटांची. अकोल्याला थरारपटांची स्पर्धा आहे. भीतीच्या, रहस्याच्या फिल्म असतात ना, तशा.

सुंदराबाई : भुताची आहे?

गौरांग : भूत नाही यात. एक बाई आणि तिची मुलगी बसनं चालल्या आहेत. बाईच्या मुलाला मोटरसायकलवर अपघात झालाय.

सुंदराबाई : अंजनगावहून अकोल्याले.

गौरांग : हो.

सुंदराबाई : पोरगा गेला आहे, अन् बाईले माहीत नाही.

गौरांग : नाही.

सुंदराबाई : अन् पाहनाऱ्याइले?

नीलम : त्यांना पहिल्या मिनिटालेच सांगितलं, आई. फोन येते, तवाच.

सुंदराबाई : म्हंजे याबी बारीले मीच एकली उरली. हॉलातल्या चारशे लोकाइले माहीत, या वकिलाच्या पोराले माहीत, त्या शकुनले माहीत. जिचं पोरगं गेलं तिले कोनी सांगतलं नाही.

नीलम : मी सांगणार होती.

सुंदराबाई : कवा? तवाबी सांगनारच होती न तू? अकोट गेलं, चोहोट्टा गेलं, गांधीग्रामचा पूल गेला. तुई सांगाची येय काही आली नाही.

नीलम : तोंडातून निघत नव्हतं, आई.

सुंदराबाई : सहा वर्सं झाली. म्या तुले एक शब्द इचारला नाही. आज इचारून राहिली. पायच काहून सांगतला? आपल्याकडं मानूस गेला तरी 'सिरियस आहे, लवकर या' म्हनतात. ऐकनारा समजून घेते. बाई गाडीभर मनातल्या मनात रडून घेते, उतरेपर्यंत जिवाची थोडी तयारी होते. तू तं सिरियसबी म्हटलं नाही. पाय! पिलास्टर!

नीलम : देवीदासमामाचा फोन आला तवा तू अंगणात कपडे वाळू घालत होती. मामा म्हणे, सुंदरीले सिरियस सांग अन् तयार ठेव, मी गाडी पाठवतो. मी म्हटलं, गाडी नको पाठवू. अकोल्याची गाडी येऊन दारात उभी राहिली का सगळ्या मोहल्ल्याले समजते काय झालं ते. तुलेही समजलं असतं.

सुंदराबाई : म्हनून यष्टीनं नेलं.

नीलम : म्हणून. मागच्या गल्लीनं स्टँडवर नेलं, बाया दारात जमायच्या आधी. अन् मी सिरियसच सांगणार होती. 'सिरि' एवढं तोंडात आलं होतं. तू वळून पाहिलं. तुझ्या हातात दादाचा निळा शर्ट होता, रविवारी धुवाले टाकून गेलेला, तू त्याची कॉलर झटकून राहिली होती. माझ्यानं नाही झालं. पाय मोडला, असं म्हणून गेली.

सुंदराबाई : म्हंजे हे देवीदासनं नाही ठरवलं.

नीलम : नाही. मीच.

सुंदराबाई : अन् मी सहा वर्सं माया भावाले बोल लावून राहिली. त्याच्या घरचा चहा पेली नाही मी. त्याच्या पोरीच्या लग्नात लगन लागापुरती गेली अन् उभ्या उभ्या वापस आली. तो दारापर्यंत मांगं मांगं आला, सुंदरी, घासभर तं खा म्हने. म्या वळून पायलं नाही.

नीलम : त्याले मी म्हटलं होतं, मामा, मी सांगते तिले. तो म्हणे, नको. तू लेक आहे, तुले तिच्याजवळ राहाचं आहे. माझ्यावर राहू दे.

सुंदराबाई : असं म्हने?

नीलम : असंच.

सुंदराबाई : पाह्य वं. हेबी सगयाइले माहीत, अन् मले नाही.

गौरांग : काकू, पाणी आणू का?

सुंदराबाई : नको. मले सांग बावा, ते बाई अकोटले खाली उतरते?

गौरांग : उतरते.

सुंदराबाई : कचोरी खाते?

गौरांग : हो. दोन. म्हणजे सीन तसा लिहिलाय. ती मजेत खाते आणि मुलगी तिच्याकडं बघत राहते. प्रेक्षकाला ते असह्य होतं.

सुंदराबाई : दोन नाही. तीन खाल्ल्या म्या. तिसरी नीलमची होती. हे म्हने मले भूक नाही, तं म्या म्हटलं वाया कायले जाऊ द्याची.

नीलम : आई, राहू दे न.

सुंदराबाई : पोरगं तिकडं पांढऱ्या चादरीखाली, अन् माय इकडं तीन कचोऱ्या खाऊन, वरून मिरची मांगून उतरली. माया पदराले चिचीची चटनी लागली होती. त्याची अकोल्याची घरमालकीन पार्बताबाई स्टँडवर आली होती, तिनं काही न बोलता माया पदर नळाखाली धुवून देल्ला. भली बाई. पन मांगं उभ्या होत्या त्या बाया बोलल्याच. हे तं खाऊनपिऊन आली म्हने. म्या माया कानानं ऐकलं.

नीलम : हे तू मले कधी सांगितलं नाही.

सुंदराबाई : तू कवा इचारलं? त्या दिवसापासून गाडीत बसली का पान्याबिगर तोंडात काही घातलं नाही म्या. आज सकायीबी नाही.

नीलम : अन् मी समजत होती, आईले गाडी लागून राहिली आता. तुझ्यासाठी गोळ्या आणून ठेवत होती मी. प्रत्येक वेळेस.

सुंदराबाई : त्या गोया मी खिडकीतून फेकत होती.

गौरांग : काकू, मी तो सीन काढून टाकतो. नको असेल तर फिल्मच पाठवत नाही. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही जाणार नाही.

सुंदराबाई : काढ असं कोनी म्हटलं का तुले? पयले ऐकू तं दे. दिसत नाही, पन ऐकू तं येते. लाव वं. पयल्यापासून लाव.

नीलम : आई, तुले त्रास होईन.

सुंदराबाई : तरास झाल्याले सहा वर्सं झाली. लाव.

(नीलम फिल्म पहिल्यापासून लावते. फोन, स्टँड, सुटणारी बस, मग शकुनचा हसता आवाज. सुंदराबाई डोळे मिटून, मान थोडी तिरपी करून ऐकते.)

सुंदराबाई : थांबव. हे हासली कायले?

नीलम : बाजूच्या सीटवरच्या बाईले सांगते न ती, का माझ्या पोराचा पाय मोडला. ती बाई म्हणते, अगं बाई. तर ही म्हणते, बरं झालं मोडला तर. दोन महिने आता हलता येणार नाही त्याले. नोकरी लागल्यापासून दोन दिवस सलग घरी राहिला नाही, आता पाहते कसा पळते ते.

सुंदराबाई : हे म्या म्हटलं होतं.

नीलम : हो.

सुंदराबाई : असंच?

नीलम : शब्दन्शब्द. नाव फक्त बदलवलं मी. तू संघपाल म्हणत होती, तिथं बाळू केलं.

सुंदराबाई : तिच्या तोंडी 'पळते' हे बरोबर नाही. म्या म्हटलं होतं, 'आता पाहू कुठी भागते लेकाचा.' लाव पुढं.

नीलम : पुढं ती सांगते, रोज त्याले काय काय करून घालणार ते. मुंगाच्या वड्याची भाजी. हाड जुळाले पायाचा रस्सा. अन् चांदूर बाजारची पोरगी.

सुंदराबाई : मोनाली. फोटो होता मायाजोळ, पिशवीत. पाय बरा होईपर्यंत लग्नाच्या बैठकीचं उरकून टाकू म्हटलं होतं म्या. बसल्या जागी पोट्टा नाही कसा म्हनते. तिचं झालं लग्न मंग, अचलपुरात देल्ली. सुखात आहे म्हनतात. राहो.

गौरांग : काकू, हाच तो सीन. कॉलेजमध्ये दहा जणांना दाखवलं तर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तुम्ही... म्हणजे ती बाई, जेवढी हसते तेवढी आपल्याला भीती वाटते.

सुंदराबाई : माया हासन्याचं भेव वाटते लोकाइले?

गौरांग : त्याच्या नंतर जे येणार आहे, त्याची.

सुंदराबाई : हं. आता नुसता गाडीचा आवाज येऊन राहिला. आता काय दाखवून राहिले?

नीलम : चोहोट्ट्याच्या अलीकडं. पुढच्या सीटवरचे गुरुजी मोबाइल काढतात. स्टेटस पाहत बसतात, एकामागून एक. कोणाचा वाढदिवस, कोणाचं शेत. मग दादाचा फोटो येते. म्हणजे बाळूचा. हार घातलेला. खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

सुंदराबाई : हे खरं झालं होतं?

नीलम : झालं होतं. दोन सीटा सोडून. मोठा मोबाइल होता, तुले तवा दुरून चांगलं दिसे. तो माणूस बोट ठेवून थांबला, फोटो तसाच राहिला. दादाचा तो कॉलेजातला फोटो, पिवळ्या टीशर्टमधला.

सुंदराबाई : मंग?

नीलम : मी तुझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. तुझं तोंड खिडकीकडं फिरावं म्हणून.

सुंदराबाई : मले वाटलं पोरीले झोप आली. सकायपासून धावपय झाली म्हटलं हिची.

नीलम : तू माझ्या केसावरून हात फिरवत होती. अन् मी त्याच्या बोटाकडं पाहून राहिली होती, का आता ते बोट सरकंन, आता सरकंन. आई, मी अंधाराले कधी भ्याली नाही, मसणवटीतून एकटी आली मी शाळेत असताना. पण तू समोर पाहशील याले जशी भ्याली न मी, तशी पुन्हा कशालेच नाही. म्हणून हे केलं. लोक म्हणतात भीतीची फिल्म काढ, भीतीची फिल्म काढ. मले दुसरी भीती माहीतच नाही.

सुंदराबाई : माया फोन तुयाजोळ होता?

नीलम : पर्समध्ये. बंद केला होता. तरी वाटे का वाजून राहिला. गांडूळ वळवळावं तशी पर्स हलल्यासारखी वाटे मांडीवर. मी दोन्ही हात ठेवून बसली होती वरून.

सुंदराबाई : तू एकदाबी रडली नाही गाडीत.

नीलम : रडली असती तर तुले समजलं असतं.

सुंदराबाई : अन् मंगबी नाही रडली. पाचव्या दिवशी भंतेजी आले, वंदना झाली, सगये रडले. तू चहाच्या कपबशा मोजून राहिली होती. मी म्हटलं, पोरगी दगडाची झाली. मले राग आला होता तुया. खरं सांगून राहिली, लय राग आला होता.

नीलम : मले माहीत आहे.

सुंदराबाई : इकडं ये. डोकं कुठी आहे तुयं? मले दिसत नाही.

नीलम : इथं आहे, आई.

सुंदराबाई : तुले दोन-तीन तास कसं झालं असंन वं. इतकीशी होती तू. एकवीस वर्साची.

नीलम : मले माफ करशील का?

सुंदराबाई : आताच नाही सांगत. मले इचार करू दे. तू पाय सांगाले नव्हता पायजे, हे माया मनातून जात नाही. उगाच तोंडदेखलं हाव कायले म्हनू? पुढं लाव.

गौरांग : काकू, पुढं अकोला आहे. शेवट. तो जरा... नीलम, आवाज कमी करू का?

सुंदराबाई : राहू दे जसा आहे तसा.

नीलम : आई, ओरडणं आहे त्याच्यात.

सुंदराबाई : ऐकलं. हे कोन ओरडली?

नीलम : शकुनताई.

सुंदराबाई : म्हंजे मी.

नीलम : हो.

सुंदराबाई : मी ओरडली नव्हती.

गौरांग : ते आम्ही फिल्मसाठी केलंय, काकू. अकरा मिनिटं आपण ताणत आणलं, ते शेवटी कुठंतरी तुटायला हवं ना. ती उतरते, समोर मामा पांढऱ्या कपड्यांत उभा, आणि एकच किंकाळी. एका टेकमध्ये दिली शकुनताईंनी. नंतर पडदा काळा.

सुंदराबाई : काही तरी म्हटलं होतं म्या देवीदासले. आठवत नाही. काय म्हटलं होतं वं?

नीलम : सोड न.

सुंदराबाई : सांग. आता काही लपवू नको.

नीलम : तू मामाचा हात धरला अन् विचारलं, त्यानं काही खाल्लं होतं का?

सुंदराबाई : हाव. अन् मामा काय म्हने?

नीलम : मामाच्या आधी पार्बताबाई बोलली. म्हणे, डबा गाडीले तसाच लटकून होता. भरलेला.

सुंदराबाई : हं.

नीलम : आई.

सुंदराबाई : उपाशी गेला मायं लेकरू. अन् माया पोटात तीन कचोऱ्या.

नीलम : आई, नको न. नको न वं असं.

गौरांग : काकू, मी एक बोलू का? चुकीचं वाटलं तर थांबवा. ती किंकाळी खोटी आहे, मला आत्ता कळलं. तुम्ही जे विचारलंत तेच शेवटाला ठेवू. 'त्यानं काही खाल्लं होतं का?' बस. नंतर काहीच नाही. शकुनताई आत्ता तासाभरात येऊन रेकॉर्ड करतील. हॉलमधला एक माणूस खुर्चीतून उठू शकणार नाही.

नीलम : गौरांग, तू चूप बस.

सुंदराबाई : नको रागावू त्याले. तो त्याचं काम करून राहिला. पन ते नको बावा. ते मायं अन् त्याचं आहे. ते लोकाइले नाही द्याचं.

गौरांग : चुकलं माझं.

सुंदराबाई : चुकलं नाही. तुले एक सांगू? ते सुरुवातीचं ऐकलं न म्या, हासन्याचं, तर मले लाजच वाटाले पायजे होती. सहा वर्सं वाटलीच. पन आता ऐकलं अन् मले आठवलं का मी त्या गाडीत किती खुश होती. लय खुश होती मी. संघपाल घरी येनार होता. त्याची खाट कुठी टाकाची, खिडकीपाशी का कूलरपाशी, हे मी ठरवून राहिली होती. तुमी सगये त्याले साडेआठले सोडून देल्लं. तू, देवीदास, ते डॉक्टर, ते गुरुजी, समदे. मायाजोळ तो साडेबारापर्यंत होता. पाय मोडलेला, बडबड करनारा, घरी येनारा. चार तास. तेवढे चार तास कोनालेच भेटले नाही, मलेच भेटले.

नीलम : मी खोटं बोलली म्हणून.

सुंदराबाई : हाव. तू खोटं बोलली म्हनून. तेबी खरं अन् मायं तोंड उष्टं झालं तेबी खरं. दोन्ही राहीन आता, मी मरेपर्यंत. पन ते चार तास मी टाकून देत होती, ते नाही टाकत आता.

नीलम : मग पाठवू, का नको पाठवू? तू म्हणशील ते.

सुंदराबाई : पाठव. कचोरीबी राहू दे. दोन आहेत त्या तीन कर.

नीलम : तीन करते. शकुनताईनं एक जास्तीची खाल्ली होती, तो शॉट आहे.

सुंदराबाई : फक्त अकोला काढ. ते स्टँड, तो मामा, ते ओरडनं, समदं काढ. गाडी पोचू नको देऊ.

नीलम : गांधीग्रामच्या पुलावर थांबवते. ती खिडकीतून पूर्णेचं पाणी पाहते अन् पोरीले म्हणते, पाय बरा झाला का त्याले घेऊन येऊ इथं.

सुंदराबाई : म्हटलं होतं म्या असं?

नीलम : म्हटलं होतं.

सुंदराबाई : तिथीच थांब मंग.

गौरांग : काकू, तुमचा शब्द मोडत नाही मी. पण एक अडचण सांगतो. बारा मिनिटं लोकांना ताणून धरलं, की आता तिला कळणार, आता कळणार. आणि तिला कळलंच नाही, तर फिल्म पुरी कशी होणार?

सुंदराबाई : पाहनाऱ्याइले तं पयल्याच मिनिटाले सांगतलं न तुमी?

गौरांग : हो, त्यांना सगळं माहीत असतं.

सुंदराबाई : मंग तिले काहून सांगता?